दोन, लाभ

आमच्या रॉकेट क्लबात रॉकेट बनवणारे मोजके आणि रॉकेट हातात धरून फोटो काढणारे बाकी सगळे. अध्यक्ष हंबीरराव. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. उंब्रजजवळ त्यांचा ऊस आहे आणि तोडणी झाली की मोकळं रान ते आम्हाला उड्डाणांसाठी देतात. अध्यक्षपदाला एवढी लायकी पुरली. दिवाळीतला बाण वेगळा आणि रॉकेट वेगळं, हे मी त्यांना कितीदा समजावलं. दर वेळी ते "व्हय, व्हय" म्हणाले आणि रॉकेटकडे हात करून पाहुण्यांना सांगितलं, "आमच्या ज्ञानदाचा बाण."

ज्ञानदा म्हणजे मी. सांगलीची. कुपवाडला एका कारखान्यात डिझाइनचं काम करते.

त्या रविवारी एकच गोष्ट ठरायची होती. नाशिकच्या मेळाव्याला क्लबाचं एकच रॉकेट जाणार होतं. वर जाऊन, पॅराशूट उघडून जे अखंड खाली येईल, ते. दावेदार दोघं, मी आणि अध्यक्षांचा पुतण्या पृथ्वीराज. माझ्या रॉकेटची नळी, पंख, पॅराशूट, सगळं मी घरी केलेलं. त्याचं खोक्यातून तयार आलेलं. त्यात त्याची स्वतःची भर म्हणजे नंबरप्लेटवाल्याकडून करून घेतलेलं 'पृथ्वीराजदादा' हे स्टिकर. तेही दोन्ही बाजूंना, आभाळात कुणाची गैरसोय व्हायला नको.

सकाळची हवा अगदी शांत होती. ती वेळ पाहुण्यांची वाट बघण्यात गेली. पाहुणे नानासो उन्हं चढल्यावर गाडीतून उतरले, शाल घेतली, नारळ घेतला आणि माझ्या हातभर रॉकेटकडे बघून म्हणाले, "ह्यात मानूस कुटं बसतो?" लोक हसले नाहीत. लोकांनाही तेच विचारायचं असावं. मग रॉकेटला हळदीकुंकू झालं. माझ्या घासून गुळगुळीत केलेल्या रंगावर ते बोट फिरताना मी दात आवळून उभी राहिले. गाढवापुढे गीता वाचून काय उपयोग?

पहिलं उड्डाण पृथ्वीराजचं. तोवर वारा सुटला होता. दादांचं रॉकेट तिरकं झालं आणि शेजारच्या उभ्या उसात शिरलं. तिथं गेलेली वस्तू तोडणीलाच सापडते. "वारं लय हाय गड्या," पृथ्वीराज कुणाला तरी म्हणाला. वारा मलाही तेवढाच होता. मला बरं वाटलं, कशाला खोटं बोलू? आता माझं अखंड उतरलं की नाशिक माझं.

एरवी उलटे आकडे मीच मोजते. पृथ्वीराजच्या उड्डाणालाही मीच मोजले, पण माझ्या वेळी पाहुण्यांसमोर माईक हंबीररावांना हवा होता. रॉकेट दूर लोखंडी दांडीवर उभं होतं, उसाचं वाळलेलं पाचट पेटू नये म्हणून भोवती पाणी मारून चिखल केलेला. तिथून वायर माझ्यापर्यंत आलेली, बटण माझ्या हातात.

"पाच," हंबीरराव म्हणाले. "चार. तीन. दोन. लाभ."

आणि माईक खाली घेऊन आभाळाकडे बघत राहिले.

मी थांबले. एक कुठाय? शून्य कुठाय? दोनच्या पुढं सुभेदारांची गाडी अडली, असं मला वाटलं. लोक चुळबुळू लागले. त्यांची फजिती होत होती आणि ती मला पुरेपूर बघायची होती. मी त्यांच्या तोंडाकडे रोखून बघितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं "एक, शून्य" म्हटलं आणि बटण दाबलं.

त्यांचं तोंड पांढरं पडलं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

मधल्या वेळात नानासो म्हणाले होते, "काय झालं बघ रं," आणि रॉकेट फुसकं निघालं असं समजून पृथ्वीराज दांडीकडे चालत गेला होता. तो वायरला हात घालायला वाकला आणि समोर जाळ झाला. त्यानं चिखलात अंग टाकलं. लोक ओरडत तिकडे धावले.

मी वर बघितलं. खरं तेच सांगते, आधी वर बघितलं. रॉकेट सरळ गेलं होतं, बारीक होत होत दिसेनासं झालं, मग नारिंगी पॅराशूट उघडलं आणि ते डुलत बांधाकडे उतरू लागलं. एवढं देखणं उड्डाण आमच्या क्लबात झालं नव्हतं आणि बघणारी मी एकटी होते.

पृथ्वीराजची एक भुवई आणि बाही होरपळली होती, बाकी धड होता. हंबीररावांच्या बायको अंबूबाई पदरानं त्याचं तोंड पुसत होत्या. मी म्हटलं, "काकू, काकांनी एक म्हटलंच नाही."

"एक कसं म्हनतील?" त्या वर न बघता म्हणाल्या. "ज्वारी मापताना पयल्या मापाला एक म्हनत्यात व्हय? लाभ म्हनायचं. खळ्यावर मापून मापून सवय पडलीया त्यास्नी."

"रॉकेट म्हणजे ज्वारी नव्हे," मी म्हटलं. माझं बरोबर होतं, आजही आहे. पण बटण दाबण्याआधी दांडीकडे बघायचं, हा नियमही क्लबात मीच घालून दिला होता, आणि दांडी सोडून मी एका म्हाताऱ्याची फजिती बघत होते.

तेवढ्यात हंबीरराव बांधावरून माझं रॉकेट घेऊन आले. दोन्ही हातांत धरलं होतं. फिरवून फिरवून बघितलं, पंख चाचपले आणि माझ्या हातात दिलं.

"अखंड हाय," ते म्हणाले. "शबुद म्हंजे शबुद. नाशकाला ह्येच जाईल. लाभ म्हनालो ते चुकलंच माजं, तुला ठावं नसनार."

मी मान हलवली.

"रॉकेट तू घिऊन जा, पोरी. बटन पृथ्वीराज दाबंल."

नंबरप्लेटवाल्याचं स्टिकर लावणारा तो पृथ्वीराज. तोंडाला चिखल, एक भुवई गेलेली, तिथंच उभा होता. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हातातलं बटण त्याच्यापुढे धरलं.