एकही डास नसलेलं घर

डास खात्यातल्या साहेबांना डासांबद्दल इतकं कळे, की बाकी काही कळायला डोक्यात जागाच उरली नव्हती. बावीस वर्षं ते धूर मारत होते, लोकांच्या बादल्या उलट्या करत होते आणि कुंडीखालच्या बशीत पाणी दिसलं की बायकोला शाळेतल्या पोरीसारखं झापत होते. बायको प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची. पण घरात शहाणं माणूस एकच.

गेल्या महिन्यात साहेब साथीच्या गावी काम करून परतले. तिकडे चार दिवस ताप, अंगभर पुरळ. घामोळ्या आहेत, असं निदान त्यांनी स्वतःच केलं. बायकोला तेव्हा तिसरा महिना लागला होता, तोही लग्नानंतर दहा वर्षांनी. तिने न लाजता सांगितलं, "तुमचा ताप साथीचाच होता. त्याचा विषाणू पुरुषाच्या वीर्यात महिनोन् महिने राहू शकतो. बाळ होईपर्यंत लांब झोपा, नाहीतर निरोध वापरा."

साहेब खो खो हसले. "अगं, हा ताप डास चावून येतो. नवऱ्यामुळे येतो होय? मला शिकवतेस?"

ती दोन दिवस भांडली आणि तिसऱ्या दिवशी दमून गप्प बसली; साहेब ना लांब झोपले, ना त्यांनी निरोध वापरला. त्या गप्प बसण्याची तिला अजून चीड येते.

मग तिलाच ताप आला. रिपोर्टमध्ये विषाणू निघाला. बाळाच्या डोक्याची वाढ बघत राहावी लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा तिने लगेच भेटीची वेळ मागून घेतली. साहेबांनी मात्र बॅटरी उचलली. "डास आला कुठून, बघतोच!"

चार माणसं लावून त्यांनी अख्खी इमारत पालथी घातली. घराला जाळ्या, दर आठवड्याला फवारणी. सापडणार काय, कपाळ? तिसऱ्या दिवशी ते एक बाटली नाचवत आले. "ही बघ अळी! तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या मोरीत होती. नोटीसच काढतो."

तिने बाटली उजेडात धरली. "हा गटारातला डास आहे. याच्यामुळे हा ताप येत नाही. नव्या पोरांना तुम्ही हे पहिल्याच दिवशी शिकवता."

"माहितीये मला! पण लोकांना काहीतरी कारण दाखवायला नको?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही ठरवून. तिला राग आला नाही, किळस आली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी घरात कुणाला ताप होता?"

"छे!" साहेब म्हणाले.

"यांना होता," ती म्हणाली. "चार दिवस, पुरळसुद्धा. मी नको नको म्हणत होते."

बाई लिहू लागल्या, तसे साहेब टेबलावर वाकले. "मॅडम, हे कागदावर नको. खात्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. डास चावला, एवढंच लिहा ना."

बाळाबद्दल त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही.

"पुढची सोनोग्राफी कधी?" तिने विचारलं.

"वीस तारखेला. दोघंही या."

"मी एकटी येईन," ती म्हणाली.