तपासणी बंद

विनिपेगच्या ऑफिसात आम्ही सहा जण एक प्रोग्रामिंगची भाषा सांभाळायचो. ऑरविल डेरोशे आमच्यातला सगळ्यात जुना. प्रोग्राम आकड्यांची यादी संपल्यावरही पुढचं काही वाचायला गेला की त्याला तिथल्या तिथे थांबवणारी तपासणी त्यानेच लिहिली होती.

वर्षातून दोनदा सगळ्या भाषांची वेगाची चाचणी व्हायची. ठरलेले दहा प्रोग्राम कोण लवकर संपवतं, एवढंच बघायचं. एका खेपेला आम्ही सातवे आलो. आमची प्रमुख दारिया तकाचुक माझ्या टेबलापाशी आली.

"मॉइरा, ऑरविलची तपासणी बंद केली तर?"

"अकरा टक्के वेग वाढेल."

"मग कर."

"त्याला विचारलंस?"

"तो नाहीच म्हणणार. म्हणून तर तुझ्याकडे आलेय."

त्या दहाही प्रोग्रामांच्या डोक्यावर मी एक ओळ टाकली. तपासणी बंद. पुढच्या खेपेला आम्ही तिसरे आलो. दारियाने डोनट आणले. ऑरविलने एक उचलला आणि तसाच कागदावर ठेवला.

"चाचणीपुरतंच ना गं हे?"

"चाचणीपुरतंच," मी म्हणाले.

पण नवी माणसं आमची भाषा त्याच दहा प्रोग्रामांवरून शिकू लागली. वेगवान कोड असाच लिहायचा, असं वर्गांतून सांगू लागले. ती ओळ जो तो उतरवून घेत गेला.

दोन वर्षांनी सस्कॅचवानच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. यादी संपल्यावरही त्यांचा प्रोग्राम पुढे वाचत गेला होता आणि तिथे पडलेला भलताच आकडा एका बाईच्या रक्ताच्या अहवालात छापला गेला होता. तीन आठवडे तिला चुकीचं औषध दिलं. ती वारली. पत्रात राग नव्हता. प्रोग्राम का थांबला नाही, एवढंच विचारलं होतं.

ऑरविलने वाचून ते माझ्यापुढे ठेवलं. "उत्तर तू लिहितेस की मी लिहू?"

"मी लिहिते."

ती ओळ मी का टाकली ते खरं खरं लिहून पाठवलं, खाली जाऊन सूप प्यायले, परत येऊन बसले.

पुढच्या आवृत्तीत ती ओळ आम्ही निकामी केली. आठवड्यात चारशे तक्रारी आल्या: भाषा मंदावली. मग कुणीतरी तपासणी टाळायची पळवाट शोधली आणि सगळे ती वापरू लागले. चाचणीत आम्ही नववे आलो. वसंतात ऑरविल निवृत्त झाला.

तक्रारी अजून येतात. प्रत्येकाला मी तेच चार वाक्यांचं उत्तर पाठवते. त्या बाईबद्दल त्यात काही नसतं.