चार तोंडांची, पण एका शब्दाची

मित्रांनो, मी एक जुनी चारतोंडी आहे. दचकू नका, भूतबीत नाही मी. मोटारीचं चाक खोलायचा लोखंडी पाना असतो ना, फुलीसारखा, चार टोकांना चार तोंडं असलेला, ती मी. पाना म्हटलं की पुरुष होतो, पण आमच्या नाक्यावर मला कुणी पाना म्हटलंच नाही. चारतोंडीच म्हणतात, म्हणून मी बाईमाणूस. आणि जिला चार तोंडं दिली ती गप्प कशाला बसेल?

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या भट्टीत झाला. लालबुंद होईस्तोवर भाजली, घणाखाली चेचली आणि तशीच तेलात बुडवली. तेव्हा कुठे अंगात कस आला. हल्लीची हत्यारं चार दिवसांत वाकतात. मी वाकले नाही, झिजलेसुद्धा थोडीच. गोमाजीनं मला महाडच्या बाजारातून उचललं आणि पोलादपूरच्या नाक्यावर, आंबेनळी घाटाची वाट फुटते तिथल्या आपल्या पंक्चरच्या दुकानात आणलं. गावाच्या नावातच पोलाद. माहेरी आल्यासारखं वाटलं मला.

गोमाजी लवकर गेला. त्याची बायको गोदूबाई पदर खोचून दुकानात बसली. पहिल्याच दिवशी एक जीपवाला म्हणाला, "बाईमाणूस चाक खोलणार?"

गोदूबाई म्हणाली, "चाकाला काय ठावं, कोण बाई नि कोण बाप्या! गाडी न्यायची हाय, का माझी वरात काढायची हाय?"

तो जीपवाला पुढे आमचा कायमचा गिऱ्हाईक झाला. आणि तिच्या हातात राहून राहून माझी जीभही तिच्यासारखीच झाली. मला त्याचा अभिमान आहे.

आता चाकाची गोष्ट नीट ऐका. आमच्याकडे येणाऱ्या गाड्या बहुतेक नटाच्या. चाकामागे जो लोखंडी गड्डा असतो त्याला हब म्हणतात. नटाच्या गाडीत त्या हबमधून खुंट्या बाहेर आलेल्या असतात. त्यांना स्टड म्हणतात. भिंतीच्या खुंटीला सदरा अडकवावा तसं चाक त्या स्टडांवर अडकवायचं, वरून नट फिरवायचे, की झालं. स्टड म्हणजे घर धरून बसलेला मुलगा. चाक येवो, चाक जावो, तो जागचा हलत नाही.

गोदूबाईची शिस्त कडक. नट आधी बोटांनी फिरवायचे. मग मी. एक आवळला की शेजारचा नाही, समोरचा. शेवटची आवळणी गाडी जॅकवरून खाली उतरल्यावर, आणि ती फक्त गोदूबाईच्या हातची. मग गाडीच्या पाठीवर थाप मारून ती म्हणायची, "या!" जा कधी म्हणाली नाही. घरातून निघणारं माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतं. घाटात निघालेल्या गाडीला वेगळा कायदा कशाला?

मग माझे वाईट दिवस आले. तिचा मुलगा सहदेव बिरवाडीजवळच्या कारखान्यात कामाला, सुट्टीच्या दिवशी दुकान बघायचा. त्यानं बॅटरीवर चालणारी बंदूक आणली. घर्र केलं की नट बाहेर, घर्र केलं की नट आत. माझी रवानगी झाली परसात, कोंबड्यांच्या डालग्यावर वजन म्हणून. जिनं घाटातल्या जीपा पेलल्या, तिनं कोंबड्या राखायच्या! त्या कोंबड्यांनी माझ्या अंगावर काय काय केलं ते सांगत नाही, तुम्ही चांगल्या घरची मुलं आहात.

एकदा सहदेव म्हणाला, "आई, उद्या भंगारवाला येतोय. ती चारतोंडी देऊन टाकू."

"दे की. तिच्या शेजारी मला पण बसव. मी काय नवी हाय?"

त्या घरात आणखी एक जण माझ्यासारखीच बाजूला होती. सहदेवची बायको शर्मिला. ती पंक्चर काढायची, हवा भरायची, जॅक लावायची. पण चाक कसायला मागितलं की गोदूबाईचं एकच उत्तर: "हवा कमी पडली तर माणूस शिव्या देतो गो. चाक ढिलं पडलं तर शिव्या द्यायला माणूस उरत नाय. तुझा हात अजून कच्चा हाय." शर्मिला उलट बोलायची नाही. पण कोंबड्या सोडताना रोज मला उचलायची आणि चारही तोंडांत तेलाचं बोट फिरवायची. तिला चाक हवं होतं. मला हात हवा होता.

भंगारवाला यायचा त्याच सकाळी एक लाल गाडी लंगडत नाक्यावर आली. महाडच्या शिक्षिका उज्वलाबाई स्वतः चालवत होत्या. घाट चढून वाईला भाचीच्या साखरपुड्याला निघालेल्या. स्टेपनी आधीच पंक्चर होती, आता हेही चाक बसलं.

सहदेव बंदूक घेऊन पुढे झाला. पण त्या गाडीच्या चाकाला सतरा मापाचं डोकं, आणि बंदुकीच्या तोंडावर बसवायच्या टोप्या एकोणीस नि एकवीसच्या. "महाडला न्यावी लागेल बाई," तो म्हणाला.

"बसलेल्या चाकावर?" उज्वलाबाई म्हणाल्या.

शर्मिला तडक परसात गेली. डालगं उघडं पडलं, कोंबड्या पांगल्या आणि मी दुकानात आले. माझ्या चौथ्या तोंडावर आकडा आहे सतरा. इतकी वर्षं ते तोंड बहुधा मिटलेलंच होतं. त्या दिवशी ते असं घट्ट बसलं, की बाकीची तीन तोंडं बघत राहिली!

सहदेवनं फिरवायला सुरुवात केली. पण नट निघेनात. अख्खे बोल्टच बाहेर येऊ लागले. शेवटचा निघाला आणि चाक धाडकन त्याच्या पायावर आलं. हबकडे बघून तो ओरडलाच, "आई गो! सगळे स्टड तुटले!"

"काय तोडलंस रे मेल्या?" गोदूबाई उठून आली. हबवर एकही खुंटी नव्हती, नुसती भोकं.

"काही तुटलं नाही हो," उज्वलाबाई हसल्या. "ही गाडी बोल्टाचीच आहे. मला एवढंच ठाऊक, पुढचं तुमचं काम."

म्हणजे इथे घर धरून बसणारा कुणी नाहीच! बोल्ट म्हणजे चाकरमानी. बॅग उचलून येतो, बॅग उचलून जातो. पण आला की त्यालाच सगळं ओझं धरावं लागतं.

चाकाचं नि स्टेपनीचं पंक्चर निघालं. खरी परीक्षा चाक चढवताना झाली. अडकवायला खुंटी नाही. सहदेवनं चाक पोटाशी धरलं, एका हातानं बोल्ट भोकात घातला, तो तिरका गेला, आणि त्यानं वर मला चढवून जोर लावला. माझ्या अंगात करकर उठली. आटे चुकले होते! मित्रांनो, स्टडाचे आटे बिघडले तर स्टड बदलता येतो. बोल्टाच्या गाडीत आटे हबच्या पोटात असतात. ते खाल्ले गेले की अख्ख्या हबला हात घालावा लागतो. चार तोंडं असून मला ओरडता येईना.

"थांबा!" शर्मिला ओरडली. "बरणीचं झाकण तिरकं बसल्यावर वाजतं तसं वाजतंय. सोडा आधी."

सहदेवनं हात काढले. तिनं बोल्ट हळूच सोडवला, डोळ्यांसमोर धरून त्याचे आटे पाहिले, कापडानं पुसले. मग बोट घालून भोक तपासलं. "वाचलं," ती म्हणाली. मग ती सरळ जमिनीवर बसली, हबसमोर पाय लांब केले आणि चाक उभं दोन्ही पायांवर घेतलं. बाळाला न्हाऊ घालायला पायांवर घेतात ना, अगदी तसं.

"चाक हाय गो ते, पोर नाय!" गोदूबाई म्हणाली.

"पोरच समजा आत्याबाई. हात मोकळे राहतात."

तिनं पायांची बोटं जराशी वर उचलली. चाक वर सरकलं, भोकासमोर भोक आलं. मोकळ्या हातानं तिनं बोल्ट लावला आणि आधी उलटा फिरवला. टक् असा आवाज झाला. मग सुलटा. लोण्यात बोट जावं तसा तो नुसत्या बोटांनी आत गेला. एकामागून एक पाचही गेले. गोदूबाईनं वाडीतली निम्मी पोरं पायांवर घेऊन न्हाऊ घातली आहेत. ती त्या पायांकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडून एकही टोमणा निघाला नाही. एवढ्या वर्षांत हे मी पहिल्यांदा पाहिलं.

गाडी जॅकवरून उतरली. आता शेवटची आवळणी. शर्मिला सवयीनं बाजूला झाली. गोदूबाईनं मला उचललं, माझ्या अंगावरची कोंबड्यांची घाण पदरानं पुसली. वाटलं, आता आवळेल. तिनं मला शर्मिलापुढे धरलं.

"घे. घाटात जायचीय गाडी. तुझ्या हातानं जाऊ दे."

शर्मिलानं मला पहिल्या बोल्टावर बसवलं. एक, मग समोरचा, मग समोरचा. तिनं अंगचं सगळं वजन घातलं, आणि पुरे झालं तिथे बरोबर थांबली. थांबणं कळलं की हात पिकला म्हणायचा. मग उठून तिनं गाडीच्या पाठीवर थाप मारली आणि हळूच म्हणाली, "या हं बाई."

भंगारवाला आला तेव्हा सहदेव स्वतःच म्हणाला, "आज काय नाय रे."

पण त्या दिवशी दुकानात कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शर्मिला जेवली नाही. घाटाकडून गाडी उतरली की मान वर. "गेली असेल सुखानं," सहदेव म्हणाला. गोदूबाई म्हणाली, "गप रे. पहिली गाडी परत येईस्तोवर माझ्याही घशाखाली घास उतरला नव्हता."

ऊन कलल्यावर हॉर्न वाजला. लाल गाडी! उज्वलाबाईंनी पेढ्यांचा पुडा पुढे केला, पण शर्मिला पेढ्यांकडे न बघता आधी मला घेऊन चाकापाशी बसली. पाचही बोल्टांना लावून पाहिलं. एकही तसूभर हलला नाही. मग तिनं पेढा खाल्ला.

मित्रांनो, नटाची गाडी सोपी, बोल्टाची जरा मानी. कोणती चांगली म्हणून भांडायचं तर खुशाल भांडा. घाटाला दोघींचंही कौतुक नाही, त्याला घट्ट चाक हवं असतं. तुमच्या घरी गाडी असेल तर वडिलांना विचारा, चाकं शेवटची कधी तपासली? आणि तुमच्या डालग्यावर, माळ्यावर, अडगळीत माझ्यासारखी कुणी पडली असेल, तर तिला तेलाचं एक बोट लावा. तिचं कुठलं तोंड कधी कामाला येईल, सांगता येत नाही.

आता बंदुकीलाही सतराची टोपी आली आहे. खोलायला ती, शेवटची आवळणी माझी. माझी आणि शर्मिलाची. कधी पोलादपूरवरून गेलात तर थांबा आमच्याकडे. मी जा म्हणणार नाही.

या!