मशीनवर दुपट्टा

आंजी गावात नत्थूजीच्या घरी नातीचं बारसं होतं. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, पण नाव एकट्या मंजुषाच्या पोटात. आत्या ना ती! आत्यानं कानात कुर्र केल्याबिगर नाव बाहीर पडाचं नाई, असा रिवाज. पोरीच्या बापाले, म्हंजे आपल्या सख्ख्या भावालेही, तिनं ताकाले तूर लागू देली नव्हती.

सकाळीच तिनं मांगच्या खोलीत कम्प्युटरवर नावाची गुलाबी अक्षरं बनवली. एका कागदावर एक, पाळण्यामांगं लावाले. प्रिंटर समोरच्या खोलीत, टीव्हीपाशी. मधात वायर नाई, सारं वायफायवर. बटन दाबलं, अखीन दाबलं, मशीन ढिम्म.

"मर मेल्या," म्हणून मंजुषा साडी नेसाले गेली.

बाया जमल्या, तवा कुठी धनंजयच्या डोक्यात उजेड पडला.

"अरे, वायफायचा डब्बा मांगच्या हप्त्यात बदलवला ना आपण! प्रिंटर बिचारा जुन्यालेच धुंडून राह्यला."

पोरीचा बापच तो, हौशी. त्यानं मशीनवर नव्या डब्ब्याचं नाव निवडलं, पासवर्ड टाकला. हिरवा दिवा लागला.

अन् मशीन सुरू! सकाळचा हुकूम कम्प्युटरच्या पोटात तसाच पडून होता ना. घर्र घर्र करत कागद बाहीर आला. त्यावर हे मोठ्ठं 'भा'.

"भारती!"

"भाग्यश्री!"

शेजारची रक्षा तर उठूनच उभी राह्यली. "थांबा वो, दुसरं येऊन राह्यलं!"

मंजुषा दारात. पदर हातात, तोंड रडवेलं. आत्याचा मान मशीननं खाल्ला होता.

नत्थूजीनं लेकीचं तोंड पाह्यलं. खांद्यावरचा दुपट्टा काढला, फेकला मशीनवर, अन् वरून दोन्ही हात आडवे लावून बसला.

"काऊन काकाजी," रक्षा म्हणे, "मशीनले थंडी वाजून राह्यली का?"

"हो, वाजून राह्यली. तू घुगऱ्या खा."

कागद आले तसे त्यानं दुपट्ट्यात गुंडाळले अन् काखेत मारले. गुंडाळता गुंडाळता नजर पडलीच. मिशीत हासला.

आनंदाबाई कानाशी लागली. "मले तरी सांगा. बायको हावो मी."

"मले वाचता कुठी येते वो?"

"मंग रोज पेपर कोन चाटते?"

बुढ्यानं कागद घडी करून बंडीत कोंबले अन् दुपट्टा परत खांद्यावर टाकला.

शेवटी मंजुषा पाळण्यात वाकली. कानात कुर्र केलं. बायांनी रिवाजापरमानं तिच्या पाठीत धपाधप धपाटे हाणले.

"भार्गवी!" ती वरडली.

"वा!" नत्थूजी साऱ्यायच्या वर वरडला. घुगऱ्यांचा बकाणा भरूनच. "कसं सुचलं वो बाई तुले! म्या तर असं नाव आयकलंच नव्हतं!"

आनंदाबाईनं त्याच्या खांद्याकडं पाह्यलं. पांढऱ्या दुपट्ट्यावर ओल्या शाईचा गुलाबी 'वी' उमटला होता. उलटा.

"नाव ज्याले पह्यले माईत, धपाटा त्याले!" म्हणून तिनं जो हाणला, का नत्थूजीच्या तोंडातल्या घुगऱ्या पार पाळण्यापोत उडाल्या.