शेवटचा मंगळवार, दुसऱ्यांदा

दाराजवळची खुर्ची समुपदेशकाची. समोरचा अंगावर आला तर आधी बाहेर पडता यावं म्हणून. हे पहिल्याच आठवड्यात सांगतात, आणि सांगताना कोणी हसत नाही.

टिश्यूचा डबा समोरच्याच्या हाताशी ठेवायचा. आपण उचलून द्यायचा नाही. दिला की त्याला ऐकू येतं: पुरे आता.

इंडियाना राज्यातल्या टेरे हॉट गावात मालगाडी आली की अर्धं गाव फाटकापाशी उभं. लग्नाला, कोर्टाला, दवाखान्याला उशीर झाला तर एक शब्द पुरतो. गाडी.

शुगर क्रीम पाय या तिकडच्या दुधासाखरेच्या गोड पदार्थात अंडं घालत नाहीत.

श्वास चालवणारं यंत्र बंद करायला सही लागते. सही झाली की पेन परत मागून घेतात.

हे सगळं डेल्बर्ट योकमला माहीत होतं.

*

सीडी छापायच्या कारखान्यात त्याची उमर गेली. कारखाना बंद पडला. बायको त्याच्याही आधी गेली होती. मग मुलगा, रॉडनी, नशेच्या गोळ्यांच्या नादात एका सकाळी बेशुद्ध सापडला तो उठलाच नाही, आणि इस्पितळात यंत्राच्या कागदावर सही करायला डेल्बर्टशिवाय कोणी उरलं नव्हतं.

तेव्हापासून मंगळवारी संध्याकाळी तो विद्यापीठाच्या केंद्रात यायचा. समुपदेशनाची पदवी घेणारी मुलं तिथं शिकता शिकता लोकांना बघतात. पैसे पडत नाहीत. सप्टेंबरात नवा विद्यार्थी, मे महिन्यात तो पास होऊन निघून जायचा, उन्हाळाभर केंद्राला कुलूप. सप्टेंबरात पुन्हा नवा चेहरा आणि पुन्हा तोच प्रश्न: "सुरुवातीपासून सांगाल का?"

कोरीन हॅस्केट ही त्याची आठवी विद्यार्थिनी.

"पाचवा बरा होता," पहिल्या दिवशी तो तिला म्हणाला. "पण सारखी मान हलवायचा. गाडीत पुढं ठेवतात ना, त्या खेळण्यातल्या कुत्र्यासारखी. तू नको हलवूस."

"नाही हलवणार."

"हे बघ, हलवलीस."

मग त्यानं रॉडनीची गोष्ट सांगितली. आठव्यांदा. पाठ झालेली, विरामांसकट. पेनचा प्रसंग यायच्या जरा आधी तो थांबला आणि टिश्यूचा डबा उचलून त्यानं तिच्या मांडीवर ठेवला.

"इथं सगळे रडतात. आधीच घेऊन ठेव."

*

फेब्रुवारीत, बाहेर रस्त्यावर बर्फाचा चिखल झालेला असताना, तो मध्येच बोलायचा थांबला. ही थांबण्याची जागा नेहमीची नव्हती.

"मी तो कागद वाचलाच नव्हता," तो म्हणाला. "चष्मा ट्रकमध्ये राहिला होता. फाटकावर गाडी लागलेली, म्हणून ट्रक तिथंच टाकून मी डब्यांच्या मधून पलीकडे गेलो. इस्पितळापर्यंत पळत. त्यांनी बोट ठेवलं तिथं सही केली. काय लिहिलं होतं मला माहीत नाही, कोरीन. कदाचित लिहिलं असेल, उद्यापर्यंत थांबा."

कोरीननं मान हलवली नाही. टिश्यू दिला नाही. उठताना तो म्हणाला, "हे तुझ्याआधीच्या सातांपैकी कोणाकडे नाही," आणि टोपी विसरून गेला. पुढच्या मंगळवारी न्यायला आला तेव्हा दाढी केलेली होती.

*

डॉ. ओडेल, केंद्राच्या प्रमुख आणि कोरीनच्या बाई, वर्गात म्हणाल्या:

"शेवटची भेट म्हणजे समारोप. निरोप नीट घेता येणं हीच अर्धी विद्या आहे. शेवटच्या भेटीचं कॅमेऱ्यावरचं पूर्ण चित्रण द्यायचं. मध्ये तोडलेलं, थांबवलेलं चालणार नाही. आणि आत्महत्येबद्दलचा तो प्रश्न विचारायचा. आडून नाही, सरळ."

"ते नाही म्हणेपर्यंत?" मागून ट्रेंटनं विचारलं.

सगळे हसले. ओडेलबाईंनीही हसू दाबलं.

चित्रण नाही तर पदवी नाही. पदवी नाही तर परवान्याच्या रांगेत नावसुद्धा लागत नाही. आणि इंडियानापोलिसच्या एका संस्थेनं कोरीनला जूनपासून बोलावलेलं होतं.

*

पहिल्यांदा.

मे. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला. डेल्बर्ट शुगर क्रीम पायचं भांडं घेऊन येतो, ते टेबलावर ठेवतो.

"आठही जणांना केला. अंडं नाही त्यात."

"आजची आपली शेवटची भेट, मिस्टर योकम."

"हो. बाहेर पाटी लावलीय तुम्ही. कुलपाची."

उन्हाळ्यात कुठं जाता येईल ते ती सांगते. गावात दुसरं एक ठिकाण आहे, तिथं शरदापर्यंत रांग आहे. तो ऐकतो. मग ती तो प्रश्न विचारते. आडून नाही.

"स्वतःचा जीव घ्यायचा विचार मनात येतो का तुमच्या?"

याआधी दर वेळी तो लगेच, पोस्टमनला हात करावा तसा, "छे" म्हणायचा. आज तो खिडकीकडे बघतो. फाटकाची घंटा वाजते, गाडी जाऊ लागते. बरेच डबे.

"जूनमध्ये," तो म्हणतो, "मंगळवारी मी काय करायचं असतं?"

कोरीन उठली आणि तिनं कॅमेरा बंद केला.

*

लाल दिवा गेला.

"हे काय केलंस?"

"आता कोणी ऐकत नाहीये. मला खरं सांगा."

"अगं, तोडलेलं चालत नाही ना तुमच्यात? तिसरीचं असंच झालं होतं. तिची बॅटरी गेली. सहा महिने मागं पडली बिचारी."

"ते जाऊ दे. मिस्टर योकम, तुम्ही हो म्हणालात तर मी आत्ता ओडेलबाईंना बोलावते. बसू आपण. काहीतरी ठरवू."

"काय ठरवशील? जून रद्द करशील?"

पुस्तकात पुढची पायरी होती, कोरीनला ती पाठही होती. पण पायरीच्या शेवटी एक फोन नंबर होता आणि त्या नंबरच्या शेवटी कोणी अनोळखी माणूस होता, जो म्हणणार होता, सुरुवातीपासून सांगाल का.

"मी हो म्हणालोय का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग झालं. या खोलीत अजून किती वेळ आहे आपल्याला?"

"आहे. भेट पूर्ण होण्याइतका."

तो उठला. पायचं भांडं उचललं. टोपी घातली. दारापाशी वळून तिच्याकडं असं पाहिलं, जसा कोणी पहिल्यांदा आधाराशिवाय सायकल चालवणाऱ्या पोरीकडं बघतो.

"चालू कर. मी परत येतो."

"मिस्टर योकम, नको."

"चालू कर गं. आठ जणांत एक तरी धड पास होऊ दे माझ्यासमोर."

दार लागलं. कोरीन खोलीच्या मधोमध उभी राहिली. कॉरिडॉरमध्ये त्याच्या बुटांचा आवाज थांबला. तो लांब गेला नव्हता. दारामागंच उभा होता, भांडं धरून, लाल दिव्याची वाट बघत.

तिला दार उघडून बाहेर जाता आलं असतं. ओडेलबाईंची खोली जिन्याखाली होती.

तिनं कॅमेरा चालू केला.

टकटक.

*

दुसऱ्यांदा.

"या, मिस्टर योकम."

"आठही जणांना केला हा पाय. अंडं नाही त्यात."

"आज आपली शेवटची भेट."

"हो. गेले काही दिवस त्याचाच विचार करतोय. वाईट वाटतंय. आणि वाईट वाटतंय हे बोलता येतंय, याचं बरंही वाटतंय."

तो रॉडनीबद्दल बोलला. चष्म्याबद्दल बोलला, पण या वेळी त्या गोष्टीला शेवट होता. "कागदावर काहीही लिहिलेलं असो, माझा हात त्याच्या हातावर होता, ते खरं." तो बहिणीबद्दल बोलला. एव्हान्सव्हिलला राहते म्हणाला. तिच्याकडं जून काढीन, टोमॅटो लावीन. कोरीननं बहिणीचं नाव कधीच ऐकलं नव्हतं.

तिनं तो प्रश्न विचारला.

तो पुढं झुकला. कॅमेऱ्याकडं नाही, तिच्याकडं बघून सावकाश म्हणाला, "नाही, कोरीन. आता येत नाही."

तिला रडू फुटलं. त्यानं टिश्यूचा डबा उचलला, पण दिला नाही. खाली ठेवला. आठ वर्षांत तोही शिकला होता.

*

वर्गात ओडेलबाईंनी चित्रण थांबवलं ते इथंच.

"बघा. ती रडतेय, पण खोली सोडून गेलेली नाही. आणि तो तिला सावरत नाहीये. याला म्हणतात दोघांनी मिळून केलेला समारोप."

ट्रेंट म्हणाला, "कोरीन, हा माणूस मला दे. मलाच बरं करेल."

"आणि प्रश्न," बाई म्हणाल्या, "किती सरळ विचारलाय. उत्तरही सरळ."

पायचे तुकडे कागदी बशांतून फिरत होते. कोरीननं खाल्ला. गोड होता.

*

जुलैमध्ये डेल्बर्ट योकमनं स्वतःचा जीव घेतला. घरमालकाला तो सापडला; एव्हान्सव्हिलला बहीण आहे, असं त्यानं मालकालाही सांगितलं होतं. एव्हान्सव्हिलला कळवायचं कोणाला, हे शोधण्यात पोलिसांचे दोन दिवस गेले. तिथं कोणी नव्हतं.

सप्टेंबरात नवव्या विद्यार्थ्यानं त्याला फोन लावला तेव्हा केंद्राला कळलं. ओडेलबाईंनी इंडियानापोलिसला कोरीनला फोन केला.

"तुला माझ्याकडून कळावं असं वाटलं."

कोरीननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कोरीन? ऐक. तुझी नोंद मी पाहिली. विचारलं, नाही म्हणाले. चित्रण मी स्वतः बघितलंय, सगळ्या वर्गानं बघितलंय. तुझ्यावर काही यायचं कारण नाही."

"ते चित्रण दुसरं होतं," कोरीन म्हणाली.

"म्हणजे?"

बाहेरच्या खोलीत तिचा पुढचा माणूस येऊन बसला होता. काचेतून त्याचे गुडघे दिसत होते.

"कोरीन, म्हणजे काय?"

"पहिल्यांदा त्यांनी नाही म्हटलं नव्हतं."

ओडेलबाई अगदी हळू, वर्गातल्यासारख्या नव्हे, म्हणाल्या, "हे आणखी कोणाला सांगू नकोस. परवाना मिळेपर्यंत तरी." आणि फोन ठेवला.

कोरीननं दार उघडलं. माणूस आत आला, खुर्च्यांकडं बघत उभा राहिला. तिनं त्याला लांबची दाखवली, स्वतः दाराजवळच्या खुर्चीत बसली.

"सुरुवातीपासून सांगाल का?" ती म्हणाली.

*

त्याच वर्षी जानेवारीच्या बैठकीत डॉ. ओडेल यांनी विचारलं होतं, उन्हाळ्यात मंगळवारची संध्याकाळ कोणी चालवेल का. एक हात वर आला तरी दार उघडं ठेवता येईल. खोलीत कोरीन धरून अकरा विद्यार्थी होते. एकही हात वर आला नाही.