दीपगृहाची घंटा

गेममध्ये भर घालणारं तिचं मॉड इंटरनेटवर सोडून तासही झाला नव्हता, तोच पहिला निरोप आला : ‘बाई, घंटा वाजवली आणि कान बधिर झाला. काय डोंबल तपासलंत?’

अकरा दिवस तिने तपासण्यात घालवले होते. आवडत्या गेममध्ये स्वतः घडवलेलं दीपगृह बसवायचं, एवढंच तिचं मॉड. पायरीन् पायरी ती चढली, प्रत्येक खिडकीतून मुद्दाम पडली, साठवून ठेवलेले जुने डाव उघडून पाहिले. पण सगळं तिची तान्ही लेक, चिमणी, झोपलेली असताना. म्हणजे आवाज बंद ठेवून!

तिने आवाज अगदी बारीक केला आणि घंटा वाजवली. तरी पाळण्यातली चिमणी दचकून किंचाळली.

मॉड काढून टाकायला दोन मिनिटं लागली. तोवर आणखी एक्केचाळीस जणांनी ते उतरवून घेतलं होतं. यादीत सगळ्यात वर तिचा धाकटा भाऊ. ताईचं काहीही आलं की पहिला नंबर त्याचा. लहानपणीच्या तापात त्याचा एक कान गेला होता. दुसराही अधू, म्हणून हेडफोनचा आवाज कायम टिपेला.

फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. हेडफोन चढवले की बाहेर जग बुडालं तरी त्याला पत्ता नसे.

चिमणीला काखोटीला मारून ती निघाली.

“अगं, चप्पल तरी घाल! आग लागलीय का कुठे?” सासूबाई ओरडल्या.

“लागलीय!”

दोन गल्ल्या ती जिवाच्या आकांताने पळाली. भावाचं दार आतून बंद. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती, आणि त्यापलीकडे पडद्यावर तिचं दीपगृह. तो वरच्या पायऱ्यांवर पोचला होता. तिने काच बडवली, हाका मारल्या. ढिम्म हलला नाही. घंटा वीस पावलांवर. दहा.

दाराशेजारी विजेचा मेन स्विच होता. तिने तो खाली ओढला.

पडदा काळा झाला.

“आत्ताच जायचे होते का लाईट!” करवादत त्याने दार उघडलं आणि स्विचला लोंबकळणारी ताई पाहून थबकला.

“घंटा वाजवलीस?”

“काय?”

तिने त्याचा खांदा गदागदा हलवला. “घंटा रे! वाजवलीस का?”

“काय म्हणतेस?” त्याने चांगला कान पुढे केला. “आधी हिला गप्प कर बाई. हिच्या भोकाडापुढे तुझं काही ऐकू येत नाहीये!”

हिचं भोकाड. त्याला ऐकू येत होतं! ती उंबऱ्यावरच बसली, रडत, हसत, चिमणीला छातीशी धरून.

सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, “पण तू तर म्हणालीस, डोळ्यांत तेल घालून तपासलंय.”

“डोळ्यांतच घातलं रे,” ती म्हणाली. मग कपाळावर हात मारून त्याच्यापुढे हात पसरला. “फोन दे तुझा. चाळीस जण अजून बाकी आहेत.”