चाळणीतून उरलेली जाळी

मी स्टीलच्या जाळीचा तुकडा बोलतेय. चाळण्या बनवणाऱ्याच्या दुकानात जाळी गोल कापल्यावर कडेची कातरण उरते, त्यातली मी.

चाळणीवाल्याची ताई प्रयोगशाळेत कामाला होती. पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तोही स्वस्तात, हे तिचं वेड. एकदा या धाकट्या भावाला डबा द्यायला ती दुकानात आली आणि जाताना मला उचलून घेऊन गेली.

"हे काय, भंगारातून आणलंस?" शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं.

"भावाच्या दुकानातून."

"म्हणजे तेच."

दोघी पोट धरून हसल्या. मग ताईने मला कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवलं, वीज दिली. माझी चकाकी गेली, मी काळी पडले. वाटलं, कामातून गेले. पण त्या काळ्या थरावरूनच बुडबुडे उठायला लागले, थांबेचनात.

हायड्रोजन समोरच्या पट्टीवर निघतो, माझ्यावर प्राणवायू. पण अवघड अर्धं काम माझं. मी अडले की त्या पट्टीचंही अडतं. पूर्वी माझ्या जागी कुलपात ठेवायचा महागडा धातू असायचा. आता मी आहे, आणि मी ते मिरवणार.

"टिकली पाहिजे पण," ताई मला ऐकवायची. "दोन दिवस नाचून दमणाऱ्या खूप पाहिल्यात." वर्षभर न थांबता चालवायचं ठरवून तिने मला लावलं.

आणि मध्येच तीच गेली. साधा ताप म्हणत होते, तो मेंदूत गेला.

काल धाकटा तिचं सामान न्यायला आला. चपला, डबा, पांढरा कोट, सगळं पिशवीत कोंबलं. मग मी दिसले. त्याने सरळ माझी वायर पकडली.

"ही माझ्या दुकानातली आहे. घरी नेणार."

"नको रे," मैत्रीण म्हणाली. "बाहेर काढलीस तर थर वाळून सुटेल. तिची मेहनत वाया जाईल."

"ताईच नाही, तर चालवायची कुणासाठी?"

मैत्रिणीने माझ्याकडे बोट दाखवलं. मी आपली बुडबुडे सोडत होते. तो वाकून बघत राहिला.

"तिने लावल्यापासून बंदच नाही केलं?"

"एकदाही नाही."

त्याची मूठ सैल झाली. स्टूल ओढून तो तिथेच बसला आणि ढसाढसा रडला.

धाकट्या, वाटेल तेव्हा ये, वाटेल तेवढं रड. मला मात्र नेऊ नकोस. तिच्या फोटोशेजारी मी नुसतीच पडून राहीन. इथे तुझ्या ताईने हातात घेतलेलं काम मी पुरं करतेय.